आखातात मोटारसायकलचा अपघात : भरपाई शेवटी कोणाच्या अंगावर येते?

आपल्या भागातून आखातात जाणाऱ्यांच्या कामाचे स्वरूप बदलत चालले आहे. पूर्वी सुतार, वेल्डर, शिंपी, एसी मेकॅनिक, हॉटेलातला खानसामा असे लोक जात. ते आजही जातात. पण दुबई, शारजा, अबुधाबीच्या रस्त्यांवर मागे चौकोनी पेटी लावलेल्या मोटारसायकलींची जी रांग दिसते, तिच्यावर आता मोठ्या संख्येने भारत, पाकिस्तान, बांगलादेश व नेपाळची तरुण मुले बसलेली असतात. दुसरीकडे आपल्यातलेच काही जण तेथे बकाला म्हणजे किराण्याचे दुकान, कॅफेटेरिया किंवा लाँड्री चालवतात आणि घरपोच माल देण्यासाठी एखादा मुलगा दुचाकीवर ठेवतात. अपघात झाला तर चालवणाऱ्याने काय द्यायचे, मालकाने काय द्यायचे, कोणाला द्यायचे, आणि देता आले नाही तर पुढे काय, याबद्दल आमच्याकडे वारंवार विचारणा होते.

या विषयात ऐकीव माहिती फार आहे. 'दियत भरली की माणूस सुटला', 'विमा आहे, आपल्याला कसली काळजी', 'विमान पकडून घरी या, मग कोण विचारतो' ही तीन वाक्ये तर आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहेत. पहिली दोन अर्धवट आहेत. तिसरे 2020 पासून सरळ धोक्याचे झाले आहे. म्हणून येथे आम्ही मुख्यतः संयुक्त अरब अमिरातीचा विचार करीत आहोत. सौदी अरबस्तानचा कायदा वेगळा आहे, त्याबद्दल शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

एका अपघाताचे तीन हिशेब

अपघात एकच असला तरी त्यातून तीन वेगवेगळे हिशेब सुरू होतात, आणि एक मिटला म्हणून दुसरा मिटत नाही. पहिला हिशेब सरकारचा. वाहतुकीचा नियम मोडला, निष्काळजीपणाने कोणाला इजा केली किंवा जीव घेतला, याबद्दल दंड व कैद. दुसरा हिशेब जखमीचा किंवा मयताच्या वारसांचा. दियत, उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई वगैरे. तिसरा हिशेब विमा कंपनीचा. या तिसऱ्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि घर बुडवतो तो बहुधा हाच.

एक उदाहरण घेऊ. समजा, रायगड जिल्ह्यातला एक मुलगा शारजात ओळखीच्या माणसाच्या बकाल्यावर काम करतो. त्याच्याकडे तेथील मोटारकारचे लायसन्स आहे, मोटारसायकलचे नाही. मालक म्हणतो, 'अरे, दोन गल्ल्यांत तर जायचे आहे.' मोटारसायकल मालकाच्या नावावर आहे आणि तिचा विमा खाजगी वापरासाठी काढलेला आहे, कारण तो स्वस्त पडतो. एके रात्री रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला धडक बसते आणि तो माणूस दगावतो.

सरकारचा हिशेब असा होईल. अमिरातीचा नवा वाहतूक कायदा म्हणजे 2024 चा संघीय हुकूम-कायदा क्रमांक 14. तो 29 मार्च 2025 पासून लागू आहे. गाडीच्या प्रकाराचे लायसन्स नसताना ती चालवणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 ते 50,000 दिरहम दंड, किंवा दोन्ही. अपघातात माणूस दगावला तर कैद आणि किमान 50,000 दिरहम दंड, किंवा दोहोंपैकी एक. त्यातही लाल दिवा तोडलेला असेल, दारू वा अमली पदार्थ घेतलेला असेल किंवा लायसन्स रद्द वा स्थगित झालेले असेल, तर कैद एक वर्षाहून कमी नाही आणि दंड एक लाख दिरहमहून कमी नाही.

वारसांचा हिशेब म्हणजे दियत. अमिरातीत ती दोन लाख दिरहम ठरलेली आहे. दिरहमचा भाव 23-24 रुपये धरला तर ही रक्कम 46 ते 48 लाख रुपये होते. महिन्याला अडीच हजार दिरहम कमावणाऱ्या मुलाचा हा पूर्ण 80 महिन्यांचा पगार झाला, तोही एक दिरहम न खाता, न घरी पाठवता.

ही दियत सहसा विमा कंपनी भरते, हे खरे आहे. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. 2017 पासून सर्व कंपन्यांना एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यानुसार दुसऱ्याच्या जिवाची व शरीराची भरपाई न्यायालय ठरवील तेवढी, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेची 20 लाख दिरहमपर्यंत, अशी कंपनीची जबाबदारी असते. मयताच्या वारसांना 'मुलाकडे लायसन्स नव्हते, म्हणून आम्ही देत नाही' असे सांगून कंपनीला हात झटकता येत नाहीत. हा नियम वारसांच्या भल्यासाठी आहे आणि तो योग्यच आहे.

पण त्याच पॉलिसीत पुढे एक कलम आहे. काही ठरावीक परिस्थितींत कंपनीने वारसांना दिलेली रक्कम तिला विमेदाराकडून व गाडी चालवणाऱ्याकडून परत वसूल करता येते. त्या प्रकाराच्या गाडीचे लायसन्स नसणे, नशेत गाडी चालवणे, पॉलिसीत लिहिलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामाला गाडी वापरणे, विमा घेताना खोटी माहिती देणे, मुद्दाम अपघात करणे ही त्यातली मुख्य कारणे. आमच्या उदाहरणात यातली दोन कारणे आयतीच हजर आहेत. लायसन्स कारचे, आणि खाजगी विम्याची गाडी धंद्याला. म्हणजे कंपनी आज दोन लाख दिरहम वारसांच्या हाती देईल आणि उद्या तेवढ्याच रकमेचा दावा मालकावर आणि मुलावर लावील. 'विमा आहे' म्हणणाऱ्याला विमाच सावकार होऊन समोर उभा राहिलेला दिसतो.

म्हणून आखातात दुचाकीवर बसणाऱ्याने पगार किती, कमिशन किती हे विचारण्याआधी तीन कागद पाहावेत असे आम्हांला वाटते. आपल्या लायसन्सवर मोटारसायकलचा प्रकार लिहिला आहे काय? गाडीच्या नोंदणीचे कार्ड, ज्याला तेथे मुलकिया म्हणतात, ते चालू मुदतीचे आहे काय? आणि विम्याच्या कागदावर गाडीचा वापर 'खाजगी' लिहिला आहे की 'माल पोहोचवणे'? हा तिसरा कागद मुले कधीच मागत नाहीत आणि मालक स्वतःहून दाखवत नाही.

लायसन्सबद्दल आणखी एक गोष्ट. रहिवासी व्हिसा लागल्यावर आपल्याकडच्या आरटीओच्या लायसन्सवर तेथे गाडी चालवता येत नाही. परीक्षा देऊन स्थानिक लायसन्सच काढावे लागते. आपल्याकडे आरटीओ एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना देते, तो थोड्या दिवसांसाठी फिरायला वा धंद्याच्या कामाला जाणाऱ्यांसाठी असतो, नोकरीसाठी नव्हे. आणि मूळ भारतीय लायसन्सवर मोटारसायकल नसेल तर त्या परवान्यावरही ती येत नाही. पुन्हा, तेथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. आपल्याकडची सवय हातात भिनलेली असते, आणि वळणावर, चौकात, गडबडीच्या क्षणी नेमकी तीच वर येते.

त्या पहिल्या तासात

अपघात झाला की थांबावे. हे सांगायची गरज पडू नये, पण भीतीने पळणारे असतात. वर सांगितलेल्या नव्या कायद्यात, कोणी जखमी झालेले असताना योग्य कारणाशिवाय न थांबणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते एक लाख दिरहम दंड, किंवा दोहोंपैकी एक, अशी शिक्षा आहे. म्हणजे अपघातात चूक समोरच्याची असली तरी पळालेला माणूस स्वतःच्या पायाने गुन्हेगार होतो.

जखमी असेल तर 999 वर फोन करावा. जखमीला अकारण हलवू नये. गाड्यांचे, रस्त्याचे, खुणांचे फोटो घेऊन ठेवावेत, मात्र जखमी किंवा मयत माणसाचे फोटो काढणे व इकडेतिकडे पाठवणे हा तेथे गुन्हा आहे. मित्रांच्या ग्रुपवर टाकलेला एक फोटो वेगळाच खटला उभा करू शकतो.

रस्त्यावरच नोटा मोजून मिटवण्याचा मोह होतो. समोरचा म्हणतो, पाचशे दे आणि जा. हे करू नये. पोलिसांच्या अहवालाशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही, आणि गॅरेजवालाही अपघाताची गाडी दुरुस्तीला घेत नाही. पाचशे घेऊन गेलेला दुसऱ्या दिवशी पाठ दुखते म्हणून पोलिसांत गेला, तर पाचशे दिल्याचा कागद तुमच्याकडे नसतो आणि तुम्ही न कळवता निघून गेलात एवढेच दिसते.

पोलिसांचा अहवाल हा सगळ्या प्रकरणाचा पाया आहे. दुबईत चूक असलेल्याला लाल आणि चूक नसलेल्याला हिरवा अहवाल मिळतो, अशी ओळख लोकांत पक्की झालेली आहे. या रंगावरच पुढे विमा कंपनी कोणाची, भरपाई कोणाला, हे ठरत जाते. म्हणून जबाब देताना शांत राहावे. आपली मुले घाबरून, किंवा समोरचा अरब वडीलधारा आहे म्हणून अदबीने, 'सॉरी, मेरी गलती' म्हणून टाकतात. ती अदब कागदावर कबुली म्हणून उतरते. खोटे बोलावे असे आम्ही मुळीच सुचवत नाही. जे पाहिले, जे झाले तेवढेच सांगावे, आणि चूक कोणाची ते तपासणाऱ्याला ठरवू द्यावे. जबाब अरबीत लिहिला जातो. अरबी येत नसेल तर दुभाषा मिळण्याचा हक्क आहे. कुरआन अरबीत वाचता येते म्हणून पोलिसाच्या हस्ताक्षरातला जबाब समजेल या भरवशावर सही करणारे लोकही असतात! वाचून, समजून घेतल्याशिवाय सही नको.

पासपोर्ट आणि जामीन

गंभीर इजा किंवा मृत्यू असेल तर प्रकरण सरकारी वकिलाच्या कार्यालयाकडे, ज्याला तेथे नियाबा म्हणतात, जाते. तेथे आरोपीला जामिनावर सोडताना पासपोर्ट ठेवून घेण्याची पद्धत आहे. कधी रोख रक्कम मागतात, कधी दुसऱ्या कोणाचा पासपोर्ट हमी म्हणून चालतो. प्रकरण संपेपर्यंत देश सोडता येत नाही. हा काळ काही आठवड्यांचा असू शकतो, काही महिन्यांचाही. नोकरी गेली असेल तर खोलीचे भाडे, जेवण, वकील, सगळे उसनवारीवर.

येथे आपल्या लोकांचा एक चांगला गुण त्यांना अडचणीत आणतो. गाववाल्याचा मुलगा अडकला की चाचा, मामू, मोहल्ल्यातला कोणी भाई आपला पासपोर्ट नेऊन देतो. हे पुण्याचे काम आहे, नाही कोण म्हणेल? पण देणाऱ्याने समजून द्यावे. मुलगा तारखेला हजर राहिला नाही तर अडकतो तो पासपोर्ट देणारा. त्याच्या बहिणीचे लग्न असो की अब्बांचे आजारपण, त्याला निघता येत नाही. पासपोर्ट दिला तर पावती घ्यावी आणि प्रकरणाचा क्रमांक लिहून ठेवावा. नोकरी देणाऱ्याने एरव्ही कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणे मात्र अमिरातीत बेकायदा आहे. त्याची आणि न्यायालयाच्या हमीची गल्लत करू नये.

दियत, माफी आणि तनाझुल

दियत हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. चुकून झालेल्या मनुष्यहत्येबद्दल मयताच्या घरच्यांना दियत देणे, ती त्यांनी सदका म्हणून सोडून दिली तर गोष्ट वेगळी, आणि त्याखेरीज कफ्फारा, हा हुकूम सूरह निसामध्ये आहे. अमिरातीच्या कायद्यातली दियत याच मुळावर उभी आहे. अवयव गेला तर त्याबद्दल अर्श दिला जातो, तोही दियतीच्या हिश्शात मोजतात. विमा कंपनीने दियत भरली म्हणजे अल्लाहशी असलेला हिशेबही मिटला काय, हा प्रश्न आलिमांना विचारावा. आमचे पान व्यवहाराचे आहे.

व्यवहारात लक्षात ठेवायचे ते असे की वारसांना दियत माफ करता येते, आणि त्यांच्या माफीचा परिणाम शिक्षेवरही होतो. पण सरकारी बाजूचा दंड त्यामुळे आपोआप पुसला जात नाही. अपघातात मयताचीही काही चूक असेल तर न्यायालय जबाबदारी वाटून देते आणि रक्कम त्या प्रमाणात उतरते.

आतापर्यंत आपला मुलगा धडक देणारा आहे असे धरले. पण मोटारसायकलवर बसलेल्याचे रक्षण करायला पत्र्याची भिंत नसते, त्यामुळे जखमी होणारा किंवा मरणारा बहुधा तोच असतो. अशा वेळी इस्पितळाच्या खाटेवर एक कागद पुढे येतो. त्याला तनाझुल म्हणतात, म्हणजे हक्क सोडल्याचे पत्र. धडक देणाऱ्याचा माणूस फळे घेऊन येतो, गोड बोलतो, हजार-दोन हजार दिरहम उशाशी ठेवतो आणि सही मागतो. डॉक्टरांचे अंतिम प्रमाणपत्र हाती येण्याआधी, पायात कायमचा अधूपणा राहणार की नाही हे कळण्याआधी, अशी सही करू नये. माफ करायचेच असेल तर काय माफ करतो आहोत हे पाहून करावे. फौजदारी तक्रार सोडणे वेगळे आणि भरपाईचा हक्क सोडणे वेगळे. त्या अरबी कागदात दोन्ही एकाच ओळीत लिहिलेले असू शकते.

थर्ड पार्टी विम्यात गाडी चालवणाऱ्याची स्वतःची इजा येत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. चूक त्याचीच असेल तर त्या पॉलिसीतून त्याला काही मिळत नाही, वेगळा वैयक्तिक अपघाताचा हप्ता भरलेला असेल तरच मिळते. मात्र तो कामावर असताना जखमी झाला असेल तर कामगार कायद्याचा दरवाजा उघडा असतो. 2021 च्या संघीय हुकूम-कायदा क्रमांक 33 प्रमाणे कामावर झालेल्या इजेच्या उपचाराचा खर्च मालकाचा. काम करता येत नसेल त्या काळात पहिले सहा महिने पूर्ण पगार आणि पुढचे सहा महिने अर्धा. मृत्यू झाल्यास 24 महिन्यांचा मूळ पगार, पण 18,000 दिरहमहून कमी नाही व दोन लाखांहून जास्त नाही. येथे 'मूळ पगार' हा शब्द महत्त्वाचा आहे. करारात मूळ पगार सहाशे आणि बाकी भत्ते असे लिहिले असेल तर 24 महिन्यांचे 14,400 होतात आणि वारसांना किमान रकमेवर म्हणजे 18,000 वर समाधान मानावे लागते. करार करताना या आकड्याकडे कोणी पाहत नाही, हातात किती येणार एवढेच पाहतात.

दुकानदार बंधूंना

जे वाचक स्वतः तेथे दुकान चालवतात त्यांना आम्ही स्पष्ट लिहितो. नोकराने कामावर असताना केलेल्या नुकसानीत मालकालाही ओढता येते. गाडी तुमच्या नावावर, विमा तुमच्या नावावर, माल तुमचा, आणि बिनलायसन्सच्या मुलाला चावी देणारे तुम्ही. तो मुलगा तुमच्या सख्ख्या मावशीचा नातू असला तरी विमा कंपनीच्या वकिलाला त्याचे काही नाही. धंद्याच्या वापराच्या पॉलिसीला आणि लायसन्सच्या शिकवणीला जो खर्च येतो तो दोन लाख दिरहमपुढे काहीच नाही. मुलगा भिजत, उन्हात तुमच्यासाठी फिरतो आणि अपघातानंतर 'हा माझा नोकर नव्हे, पाहुणा होता' असे सांगणारे मालकही निघतात. त्यांच्याबद्दल येथे अधिक न लिहिणेच बरे.

घरी परत आले म्हणजे सुटले काय?

पूर्वी सुटत असत, हे मान्य केले पाहिजे. निदान पैशांच्या बाबतीत. अमिरातीच्या न्यायालयाचा हुकूमनामा आपल्याकडे सरळ बजावता येत नसे. त्यावर येथे नव्याने दावा लावावा लागे, आणि तेवढी खटपट फार थोडे लोक करीत. 17 जानेवारी 2020 रोजी भारत सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली आणले. आता तेथील न्यायालयाचा पैशांचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात दाखल करून, जणू काही तो याच न्यायालयाने दिला आहे अशा रीतीने, वसूल करता येतो. अलिबाग असो, रत्नागिरी असो की ठाणे.

यातही बारकावे आहेत. सरकारी दंडाची रक्कम या मार्गाने वसूल होत नाही, कारण कर आणि दंड त्या कलमातून वगळले आहेत. पण विमा कंपनीने वसुलीचा दिवाणी हुकूमनामा मिळवला असेल तर तो दंड नव्हे. तुम्हांला समन्स मिळालेच नाही, तुमचे म्हणणे ऐकलेच नाही, खटल्याचा निकाल गुणावर झाला नाही, फसवणूक झाली, अशा कारणांवर कलम 13 खाली हरकत घेता येते. म्हणून तेथून आलेली नोटीस, मग ती ईमेलवर असो की जुन्या मालकाच्या पत्त्यावर, फाडून टाकू नये. वकिलाला दाखवावी. आपल्या कारागीर बंधूंना एवढा दिलासा आहे की संहितेच्या कलम 60 प्रमाणे कारागिराची अवजारे जप्तीतून वगळलेली आहेत. राहते घर सर्वांचेच सुरक्षित असते असे मात्र नाही. त्या कलमातली घराची सवलत शेतकरी, मजूर व घरगडी यांच्यासाठी आहे.

आणि पैशांचे सोडले तरी फौजदारी प्रकरण उघडे ठेवून आलेला माणूस पुन्हा दुबई विमानतळावर उतरला की पासपोर्ट संगणकात घालताच नाव निघते. ज्याची सगळी कमाई आखातावर आहे त्याला तो दरवाजा बंद करून घेणे परवडणारे नाही.

सौदीत

सौदी अरबस्तानात सरकारचा हक्क आणि पीडिताचा खाजगी हक्क असे दोन वेगळे भाग स्पष्ट धरले जातात. 2011 पासून अपघाती मृत्यूची दियत तीन लाख रियाल आहे. तेथेही गाडीचा विमा सक्तीचा आहे आणि तेथेही लायसन्सचा प्रश्न पहिला येतो. कलम 44अ ची सोय सौदीबाबत नाही. पण खाजगी हक्क बाकी असताना देश सोडून निघणे तेथेही सोपे नाही.

मदत आणि कागदपत्रे

दुबईत भारतीय वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तेथे कायद्याचा सल्ला मिळतो. 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून गरजू भारतीयांना कायदेशीर मदत, उपचार, मयताचे शव घरी आणणे यांसाठी साहाय्य देता येते. दियत भरण्यासाठी हा निधी आहे असे समजून कोणी बसू नये. ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट आहे, म्हणजे साधारणपणे दहावी न झालेले, त्यांना जाताना प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये व तीन वर्षांचा 375 रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये. एजंट ही पॉलिसी काढतो आणि कागद फायलीतच ठेवतो. घरच्यांना असा काही विमा आहे हेच ठाऊक नसते. त्याची एक प्रत घरी अम्मीच्या कपाटात असावी.

मृत्यूच्या प्रकरणात येथून जी कागदपत्रे लागतात त्यांत वेळ फार जातो. वारस कोण, हे अमिरातीच्या न्यायालयाला दाखवावे लागते, आणि दियत वारसांत शरीअतच्या हिश्शांप्रमाणे वाटली जाते. म्हणून आई, बायको, मुली कोणाचेही नाव गाळून चालत नाही. तलाठ्याकडच्या वारस नोंदीवर काम भागेलच असे नाही. महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली दिवाणी न्यायालय वारस प्रमाणपत्र देते, ते घ्यावे. त्यानंतर मंत्रालयातला गृह विभाग, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास वा मुंबईतील वाणिज्य दूतावास अशा साखळीने त्यावर शिक्के घ्यावे लागतात आणि अरबी भाषांतर करावे लागते. सौदीसाठी 2022 च्या डिसेंबरपासून परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल पुरतो.

तेथल्या वकिलाला मुखत्यारपत्र द्यावेच लागते. पण कोरे, सर्वाधिकारी मुखत्यारपत्र देऊ नये. खटला चालवण्याचा अधिकार द्यावा. पैसे स्वतःच्या खात्यात घेण्याचा आणि वारसांना न विचारता तडजोड करण्याचा अधिकार त्यात लिहिला आहे काय, हे सही करण्याआधी जाणकाराकडून वाचून घ्यावे. मोबदला किती, तो रकमेवर टक्केवारीने आहे की ठोक, आणि खटला हरल्यास काय, हेही त्याच वेळी लेखी करून घ्यावे. मयताच्या घरात इद्दतीचे दिवस चालू असताना 'फाइल लवकर टाकावी लागेल' म्हणून सही मागायला जो येतो, त्याला दोन दिवस थांबवल्याने काही बिघडत नाही.